सरांच्या नावाचं अध्यासन: एक कोटीत काय येतं आणि काय येत नाही

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेकॅनिकल बॅचला पंचवीस वर्षं पूर्ण होताहेत. थर्मोडायनॅमिक्स शिकवणारे त्यांचे लाडके सर दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या नावानं कॉलेजात 'चेअर प्रोफेसर'चं पद, म्हणजे देणगीच्या पैशावर चालणारं नावाचं अध्यासन, सुरू करावं असं सगळ्यांच्या मनात आहे, आणि एक कोटी रुपये जमतील असा अंदाज आहे. पण व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडलेत. एका गटाचं म्हणणं, प्राध्यापकाला कशाला पैसे द्यायचे, त्याला पगार मिळतोच. त्यापेक्षा मुलांना स्कॉलरशिप द्या. दुसऱ्या गटाला 'चेअर' हा शब्द भारदस्त वाटतो. यातून विद्यार्थ्यांना आणि संशोधनाला नक्की काय मिळतं, हे सांगाल का?

मी एकोणतीस वर्षं मटेरियल्स शिकवलं. त्यातली पाच वर्षं माझ्याकडे असं एक अध्यासन होतं, आणि नंतर सहा वर्षं देणगीदारांशी करार ठरवणाऱ्या समितीवर होते. म्हणजे ताटाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय.

पहिल्या गटाची शंका रास्त आहे, फक्त गृहीत चुकलंय. अध्यासनाचा पैसा प्राध्यापकाच्या खिशात जातो असं बहुतेकांना वाटतं. भारतात तरी तो फारसा जात नाही. पगार सरकार किंवा संस्था देते. अध्यासनातून प्राध्यापकाला मिळालं तर थोडं मानधन मिळतं, आणि त्याहून मोठा भाग असतो तो 'खर्चाला मोकळा' पैसा. या मोकळेपणाची किंमत प्रयोगशाळेत काम न केलेल्या माणसाला कळणं अवघड आहे, म्हणून एक प्रसंग सांगते.

माझा एक पीएचडीचा विद्यार्थी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूवर फटीगची, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण देऊन धातू कितपत टिकतो याची, चाचणी करत होता. नमुना मशिनात धरायचा आणि एक कोटीदा ताण देऊन सोडायचा. (तुमचा आकडाही एक कोटीच आहे, हा योगायोग.) सेकंदाला वीस आवर्तनं धरली तरी पाच लाख सेकंद होतात, म्हणजे पावणेसहा दिवस मशीन अखंड चालू. पोरगा लॅबमध्ये सतरंजी टाकून झोपायचा. तिसऱ्या नमुन्याच्या वेळी, चौथ्या दिवशी पहाटे, ॲक्च्युएटरच्या, म्हणजे ताण देणाऱ्या तेलावरच्या दट्ट्याच्या, सीलमधून तेल झिरपायला लागलं. मशीन थांबवावं लागलं. मधेच थांबवलेला नमुना वाया गेला, तो आकडा प्रबंधात छातीठोकपणे लिहिता येत नाही.

सील किट साधारण अडतीस हजारांचं. प्रकल्पाच्या खात्यात पैसे होते, पण ते 'उपकरणं' या हेडखाली. 'कन्झ्युमेबल्स'चं, म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तूंचं, हेड रिकामं. एका हेडचे पैसे दुसऱ्यात वळवायला निधी देणाऱ्या खात्याची परवानगी लागते, आणि त्या वर्षी आमची यूसी, म्हणजे खर्चाचं प्रमाणपत्र, कुठल्याशा टेबलावर अडकली होती. दुसरा हप्ताही आला नव्हता. रीतीनं गेलो असतो तर सील मिळायला दोन-अडीच महिने लागले असते. अध्यासनाच्या खात्यातून दुपारी सही केली, सहाव्या दिवशी किट पुण्याहून आलं. पोरगा त्या सहामाहीत पेपर लिहू शकला.

अडतीस हजारांची गोष्ट आहे ही. कोट्यवधींच्या प्रकल्पांची उद्घाटनं होतात, फोटो येतात. संशोधन अडतं ते अशा अडतीस हजारांवर.

याच्याही वरची एक गरज असते, ती विद्यावेतनाची. आपल्याकडे संशोधन प्रकल्प बहुधा तीन वर्षांचा असतो आणि पीएचडीला पाच वर्षं लागतात. या दोन आकड्यांमधल्या फरकात किती मुलं होरपळलीत याची मोजदाद कुणी करत नाही. प्रकल्प संपला, पुढचा मंजूर झालाय पण पैसे आले नाहीत, मधले चार महिने मुलाला काहीही नाही. घरभाडं थांबत नाही, मेसवाला थांबत नाही. घरून सांगतात, 'सोड ते, नोकरी बघ.' मुली तर हमखास अशा वेळी गळतात, कारण घरात लग्नाचा विषय तयारच असतो. माझ्या पाच वर्षांत मी तीन वेळा असे खड्डे अध्यासनाच्या पैशातून बुजवले. त्यातली एक मुलगी आता दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत शिकवते. मधले चार महिने कुणी भरून काढले नसते तर तिनं परत जाऊन क्लास काढला असता, हे ती स्वतः सांगते.

आता हिशेब. इथे बहुतेक बॅचेसचा उत्साह थोडा ओसरतो, पण तो आधी ओसरलेला बरा.

एक कोटी ठेवीत ठेवले आणि सात टक्के धरले तर वर्षाला सात लाख. हे सातही लाख खर्च केले तर मुद्दल आकड्यानं तसंच राहतं, पण किमतीनं झिजतं. पाच टक्के महागाई धरली तर वीस वर्षांनी त्या सात लाखांत आजच्या अडीच-पावणेतीन लाखांचं काम होईल. म्हणून शहाणी संस्था व्याजातला भाग मुद्दलात परत टाकते. तीन लाख परत टाकले तर खर्चाला उरले चार लाख.

चार लाखांत काय येतं? केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोचं विद्यावेतन महिना ३७,००० केलं, सीनिअरचं ४२,०००. ज्युनिअरचे घरभाड्यासकट वर्षाला गावाप्रमाणे पाच ते पावणेसहा लाख होतात. म्हणजे एक कोटीच्या व्याजावर एक पीएचडीचा विद्यार्थीसुद्धा कायमचा पोसला जात नाही. प्राध्यापकाचं तर नावच नको. आयआयटीतल्या प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे १,५९,१०० पासून सुरू होतं. महागाई भत्ता धरला की वर्षाला तीस लाखांच्या आसपास जातं. चार टक्क्यांनी तीस लाख हवे असतील तर साडेसात कोटींचं मुद्दल लागेल. म्हणून भारतात 'पगारासकट' अध्यासन क्वचित दिसतं. आधीच पगारावर असलेल्या प्राध्यापकाला ते नाव आणि ते खातं जोडून देतात. मुंबईत आयसीटीत (रसायन तंत्रज्ञान संस्थेत) डॉ. गणपती यादव यांच्या नावापुढे आर. टी. मोदी आणि दरबारी सेठ ही नावं लागत, आयआयटी मुंबईत डॉ. दीपक फाटक सुब्राव निलेकणी चेअर प्रोफेसर होते. ती अध्यासनं याच परंपरेतली. माणूस संस्थेचा, नाव देणगीदाराचं.

अमेरिकेत चित्र वेगळं दिसतं, कारण तिथे मुद्दलच मोठं असतं आणि ते ठेवीत नव्हे, शेअर-बाँडच्या मोठ्या एकत्रित फंडात असतं. सरकारी विद्यापीठांत वीस लाख डॉलर्सच्या आसपासचं अध्यासन चालतं, नामांकित खाजगी विद्यापीठं त्याच्या कितीतरी पट मागतात. वर्षाला चार ते पाच टक्के खर्चायचे, आणि तेही त्या वर्षीच्या बाजारभावावर नव्हे तर मागच्या तीनेक वर्षांच्या सरासरीवर, म्हणजे बाजार आपटला तरी विद्यार्थ्याचं विद्यावेतन एकदम आपटत नाही. वीस लाखांवर वर्षाला ऐंशी हजार ते एक लाख डॉलर्स. खाजगी विद्यापीठात फी आणि विद्यावेतन मिळून एक इंजिनिअरिंगचा पीएचडी विद्यार्थी जवळपास तेवढ्यालाच पडतो. म्हणजे तिथेही एक अध्यासन म्हणजे साधारण एक विद्यार्थी! फरक इतकाच की तिथला प्राध्यापक बाकीचे चार विद्यार्थी सरकारी ग्रँटवर ठेवतो आणि अध्यासनाचा एक विद्यार्थी अशा कल्पनेवर लावतो जिला अजून कुणी ग्रँट देणार नाही. ग्रँट मागताना तुम्हाला आधीच थोडेफार निकाल दाखवावे लागतात, आणि ते निकाल काढायला पैसे लागतात. अध्यासनाचा पैसा तिथे कामी येतो. शिवाय सरकारी ग्रँटवर विद्यापीठ वरखर्च म्हणून मोठा वाटा कापतं, मोठ्या संशोधन विद्यापीठांत थेट खर्चाच्या पन्नास टक्क्यांच्या वरसुद्धा दर असतात; अध्यासनाच्या पैशावर तसली कात्री सहसा चालत नाही.

मला तिथलं आवडतं उदाहरण बर्कलीचं. २००७ मध्ये ह्यूलेट फाउंडेशननं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेला ११.३ कोटी डॉलर्स देऊ केले, शंभर अध्यासनांसाठी. अट अशी की तेवढीच रक्कम दुसऱ्या देणगीदारांनी घालायची. सरकारी विद्यापीठातली चांगली माणसं श्रीमंत खाजगी विद्यापीठं पळवत होती, ही त्यामागची चिंता. मला त्यातलं कौतुक याचं की पैसा एकट्या प्राध्यापकासाठी नव्हता, पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या मदतीचाही वाटा त्यात धरला होता. तुमच्या कॉलेजच्या व्यवस्थापनाला विचारून बघा, 'आम्ही एक घालतो, तुम्ही एक घालाल का?' उत्तरावरून बरंच कळेल.

पण तिथलं सगळं गोमटं नाही. २००८-०९ ला बाजार कोसळला तेव्हा हार्वर्डचा निधी ३६.९ अब्ज डॉलर्सवरून वर्षभरात २६ अब्जांवर आला. तिथे ही गत, तर लहान विद्यापीठांत काय झालं असेल विचार करा. नुकतीच सुरू झालेली अध्यासनं मुद्दलाच्याही खाली गेली, आणि 'मुद्दलाला हात लावायचा नाही' अशी अट असेल तिथे खर्चच थांबवावा लागला. एका मध्यम विद्यापीठात त्या वर्षी मी पाहुणी म्हणून होते. तिथल्या एका नव्या चेअर प्रोफेसरनं मला हसत हसत सांगितलं, 'माझ्याकडे खुर्ची आहे, पण तिला पाय नाहीत.' म्हणून ठेवीवर चालणारं आपलं गरीब अध्यासन अगदीच टाकाऊ नाही. व्याज कमी, पण झोप शांत.

अटींचा विषय निघालाच आहे तर थोडं मागे जाते, कारण करार करताना लोक हेच विसरतात की देणगीदार मेल्यावरही त्याची अट जिवंत राहते. हेन्री लुकास या गृहस्थानं १६६३ मध्ये केंब्रिजला गणिताचं अध्यासन करण्यासाठी मृत्युपत्रात तरतूद केली. वर्षाला शंभर पौंड उत्पन्न देणारी जमीन हे त्याचं मुद्दल. अट अशी की त्या खुर्चीवरच्या माणसानं चर्चच्या कामात गुंतायचं नाही. १६६९ मध्ये न्यूटन त्या खुर्चीवर आला, आणि धर्मदीक्षा घेण्याची विद्यापीठाची सक्ती टाळायला पुढे त्याला हीच अट उपयोगी पडली. त्याच खुर्चीवर १८२८ ते १८३९ गणनयंत्रवाला बॅबेज होता. त्यानं तिथे एकही व्याख्यान दिलं नाही असं सांगतात. शिकवण्याची अट घट्ट बांधलेली नसली की काय होतं त्याचा हा जुना नमुना. अर्थात यंत्राच्या आराखड्यांवर तो त्या काळात राबत होता, तेव्हा तक्रार कुणी आणि कशी करायची!

आपल्याकडचं मोठं उदाहरण कलकत्त्याचं. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी १९१२-१३ च्या सुमारास कलकत्ता विद्यापीठाला विज्ञान शिक्षणासाठी लाखांनी रुपये दिले. पालितांची अट होती, या खुर्च्यांवर भारतीयच हवेत. इंग्रजी अंमलात ही साधी अट नव्हती. भौतिकशास्त्राच्या पालित अध्यासनासाठी विद्यापीठाचे कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी सी. व्ही. रामन यांना विचारलं. रामन तेव्हा सरकारी वित्त खात्यात चांगल्या पगारावर होते. अध्यासनाच्या नियमांत परदेशी प्रशिक्षणाचीही अपेक्षा होती. रामन यांनी जायला साफ नकार दिला, आणि मुखर्जींनी ती अट बाजूला सारून त्यांना घेतलं. १९१७ मध्ये रामन कमी पगारावर प्राध्यापक झाले. पुढचं १९२८ (रामन परिणाम) आणि १९३० (नोबेल) सगळ्यांना पाठ आहे. एक अट पाळली म्हणून आणि दुसरी सोडली म्हणून ते घडलं. कोणती अट सैल करायची हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे तरी ठेवलेला असला पाहिजे, एवढं मी त्यातून घेते.

आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला 'अध्यासन' म्हटलं की काय आठवतं? विद्यापीठाच्या आवारातली एक खोली, दारावर थोर पुरुषाच्या नावाची पाटी, दाराला कुलूप. सगळीच तशी नसतात, काही फार चांगलं काम करतात. पण कुलूपवाली मी डोळ्यांनी पाहिली आहेत, आणि आमच्या समितीपुढेही एक प्रकरण आलं होतं. एका कुटुंबानं वडिलांच्या नावानं पन्नास लाख दिले होते. करारात लिहिलं होतं, 'या विषयातील आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या प्राध्यापकाची नेमणूक करावी.' अकरा वर्षं नेमणूक झाली नाही, कारण आंतरराष्ट्रीय कीर्तीचा माणूस तेवढ्या पैशात यायला तयार नव्हता आणि स्थानिक माणसाला नेमायला कुणी धजावत नव्हतं. व्याज मुद्दलात पडत राहिलं. दरवर्षी त्यांच्या मुलाला छापील पत्र जायचं, 'आपल्या औदार्याबद्दल संस्था ऋणी आहे.' शेवटी तो मुलगा, सत्तरीचा माणूस, स्वतः येऊन बसला. त्यानं फार शांतपणे विचारलं, 'मॅडम, एका तरी मुलाचं नाव सांगा.' आमच्याकडे नाव नव्हतं.

म्हणून करारात काय लिहायचं ते नीट सांगते. बाकी सगळं ऑफिसवाले छापील नमुन्यातून भरतील. वार्षिक खर्चातला अमुक टक्के भाग विद्यार्थ्यांवरच जाईल, हे आकड्यानं लिहा. मी निम्म्याच्या खाली जाऊ देणार नाही. 'संशोधनासाठी' असं मोघम लिहिलं की त्यात प्राध्यापकाचा लॅपटॉप, ऑफिसचा एसी आणि परदेशातली परिषद सगळं बसतं. मात्र रुपयांत बांधू नका. २०१० मध्ये ज्युनिअर फेलोचं विद्यावेतन १६,००० होतं. तेव्हा कुणी 'विद्यार्थ्यास दरमहा १६,००० द्यावेत' असं लिहिलं असेल तर आज ती रक्कम हास्यास्पद झालेली आहे आणि बदलायची सोयही नाही. 'केंद्र सरकारच्या त्या वेळच्या दरानं' असं लिहा. मुदत ठेवा: एका माणसाकडे तीन किंवा पाच वर्षं, मग पुन्हा निवड. तहहयात दिलेलं अध्यासन शेवटच्या काही वर्षांत शालीसारखं नुसतं खांद्यावर राहतं. वर्षभर जागा रिकामी राहिली तर ते पैसे विभागातल्या विद्यार्थ्यांच्या विद्यावेतनाला वळतील, अशी एक ओळ घालाच. या ओळीमुळे संस्थेला रिकामी ठेवण्याचा मोह उरत नाही. विषयही फार बारीक करू नका. सर थर्मो शिकवायचे म्हणून 'थर्मोडायनॅमिक्स अध्यासन' केलंत तर पंधरा वर्षांनी बॅटरी थंड ठेवण्यावर उत्तम काम करणारी पोरगी नियमात बसत नाही असं कुणीतरी म्हणेल. 'ऊर्जा आणि उष्णता यांच्याशी संबंधित' इतकं सैल पुरे.

आणि दरवर्षी आभाराचं पत्र नको, एक पान मागा: किती खर्च झाला, कोणत्या मुलांवर, आणि त्यांनी काय केलं. हे पान लिहावं लागतं म्हणून वर्षभर काम होतं. मी स्वतः ते पान लिहिलंय, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, धावपळ करत. खोटं कशाला बोलू.

पैसे देण्याच्या वाटेवर दोन-तीन खड्डे आहेत ते भराभर सांगते. तुमच्यातले जे कंपन्यांत वरच्या पदावर आहेत ते म्हणतील, 'आमच्या सीएसआरमधून टाकतो,' म्हणजे कंपनीनं समाजकार्यासाठी खर्चायच्या पैशातून. मुद्दलात टाकता येणार नाही. जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीनंतर एखाद्या संस्थेच्या कॉर्पसमध्ये, म्हणजे कायमच्या मुद्दलात, दिलेली रक्कम सीएसआर खर्च धरली जात नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयानं स्पष्ट केलंय. सीएसआरचा पैसा खर्च व्हायला हवा, साठायला नको, असा त्यामागचा विचार. तेव्हा कंपनीचा पैसा तीन वर्षांच्या उपक्रमाला चालेल, कायमच्या अध्यासनाला नाही. परदेशात स्थायिक झालेल्या आणि आता परदेशी नागरिक असलेल्या मित्रांचे पैसे घ्यायचे तर कॉलेज चालवणाऱ्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी. खाजगी ट्रस्टच्या कॉलेजात हे आधी तपासा, कारण दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडून ते पैसे पुढे वळवून घेण्याची वाट २०२० पासून बंद आहे. आणि करसवलतीच्या आशेवर बसलेल्यांना सांगा, नव्या कररचनेत असलात तर देणगीवरची वजावट (८०जी म्हणतात ती) मिळत नाही. माझ्या अनुभवात या वाक्यानंतर काही आकडे खाली येतात. येऊ देत.

आता तुमच्या एक कोटीचं मी काय करेन ते. मी त्याचं कायमचं अध्यासन करणार नाही. इतक्या कमी मुद्दलावर 'चेअर' ही पाटी टांगली की नाव मोठं आणि हाती चार लाख, अशी अवस्था होते, आणि ज्येष्ठ प्राध्यापकाला तेवढ्यानं फरकही पडत नाही. त्याच्याकडे आधीच दोन-तीन प्रकल्प असतात. फरक पडतो तो नव्यानं लागलेल्या शिक्षकाला. पीएचडी करून आलेला, तिशीतला, आठवड्याला सोळा-अठरा तास शिकवणारा, प्रयोगशाळेत एक जुनं मशीन, नावावर एकही ग्रँट नाही. पहिल्या तीन-चार वर्षांत तो संशोधनाला लागला तर लागला, नाहीतर नॅकच्या (कॉलेजच्या दर्जा-मूल्यांकनाच्या) फायली आणि परीक्षेचे पेपर यातच त्याचं आयुष्य जातं. एमआयटीत अशाच तरुण प्राध्यापकांसाठी वेगळी नावाची पदं असतात, साधारण तीन वर्षांची, पुढे दुसऱ्याकडे जाणारी. ती कल्पना मला आपल्या कॉलेजांसाठी मोठ्या अध्यासनापेक्षा जास्त पटते.

म्हणून: सरांच्या नावानं तरुण शिक्षकासाठी फेलोशिप, पाच वर्षं, मुद्दलासकट खर्च करायची. एक कोटी पाच वर्षांत संपवायचे तर वर्षाला वीस लाख, वर उरलेल्या रकमेचं व्याज. त्यात एक पूर्णवेळ पीएचडी विद्यार्थी येतो, सहा लाखांच्या आत. पाच-सहा लाख साहित्य, चाचण्या, मशीनची दुरुस्ती. इंदूरला राजा रमण्णा केंद्रात सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) मोजमापाला वेळ मिळाला तर मुलांचं जाणं-येणं. बीईच्या शेवटच्या वर्षाच्या पाच-सहा गटांना प्रत्येकी तीस-चाळीस हजार, म्हणजे रेडिमेड प्रोजेक्ट विकत आणण्याऐवजी काहीतरी हातानं करतील. दोन मुलांना उन्हाळ्यात आठ आठवडे विद्यावेतन. शिक्षकाला मानधन थोडंसं, महिन्याचे दहा हजार. ते पैशापेक्षा घरी सांगायला असतात. राहिलेले पुढच्या वर्षी.

पाच वर्षांनी तुमच्यासमोर एक शिक्षक असेल, एक-दोन पीएचडी झालेली किंवा होत आलेली मुलं असतील, पंचवीसेक बीईचे गट असतील. तेव्हा तुमची बॅच पन्नाशीत असेल, मुलांची शिक्षणं उरकत आलेली असतील, खिसा आजच्यापेक्षा मोकळा असेल. त्या वेळी पाच कोटींचं खरं अध्यासन उभं करायचं का, हे ठरवता येईल. आणि ते मागताना हातात नावं असतील.

स्कॉलरशिपवाल्या मित्रांना एवढंच सांगा की दोन्ही गोष्टी एकमेकींच्या जागी बसत नाहीत. हुशार पण गरीब मुलगा कॉलेजात टिकवायचा असेल तर स्कॉलरशिपच हवी, आणि त्यासाठी फी भरण्यापेक्षा मेस आणि खोलीचे पैसे द्या, कारण फीसाठी सरकारी योजना आहेत, आणि मेस-खोलीसाठी आहेत त्या सगळ्यांपर्यंत पोचत नाहीत. तो मुलगा चार वर्षांनी नोकरीला लागतो, चांगलंच आहे. पण त्याला तिसऱ्या वर्षात कुणीतरी लॅबमध्ये ओढून एखादा प्रश्न हातात द्यायचा असेल, तर लॅब चालू हवी आणि ओढणारा शिक्षक मोकळा हवा. तुमच्या सरांनी तुमच्यापैकी कुणाला तरी तसं ओढलं असणार, नाहीतर पंचवीस वर्षांनी तुम्ही एक कोटी गोळा करायला निघाला नसता.

कॉलेजला भेटायला जाल तेव्हा प्राचार्यांच्या आधी अकाउंट्स विभागात जा. तिथल्या हेडक्लार्कना विचारा, या कॉलेजात याआधी किती देणगी निधी आहेत आणि मागच्या वर्षी त्यातून किती खर्च झाला. त्यांनी वही काढून पाच मिनिटांत सांगितलं तर पुढचं बोलणं सुरू करा. 'शोधून कळवतो' म्हणाले, तर चेक अजून महिनाभर लिहू नका.